वैकुंठाला न गेलेली जिजाई

प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची गोष्ट निघाली की बहुतेकांना शेवटचे विमान आठवते. आभाळातून उतरणारा गरुड, खाली उभे असलेले देहूकर, वर जाणारे तुकोबा. त्याआधी जे घडते ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. तुकोबा बायकोला म्हणतात, मी वैकुंठाला निघालो, तूही चल. जिजाई नाही म्हणते. मुलांकडे कोण बघणार? एवढा तिचा साधा प्रश्न असतो. पुढे विमान येते, तुकोबा जातात, आणि ती जमिनीवरून त्यांच्याकडे बघत हात जोडते.

हा चित्रपट आपण जवळजवळ नव्वद वर्षे भक्तिपट म्हणून पाहिला. तो भक्तिपट आहेच. पण लोभ म्हणजे काय, गरज कशाला म्हणायचे आणि मरणानंतरच्या सुखाची आशा हाही लोभाचाच प्रकार ठरतो का, हे प्रश्न मराठी पडद्यावर इतक्या खोलवर दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाने विचारलेले नाहीत, असे माझे मत आहे. आणि त्यांचे उत्तर चित्रपटाने तुकोबांपेक्षा जिजाईच्या तोंडून जास्त नेमके दिले आहे.

१२ डिसेंबर १९३६ रोजी हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथे सत्तावन आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणना झाली. तो घडला पुण्यात. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात तिने आपला स्टुडिओ उभारला. दिग्दर्शक दोघे होते, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. ध्वनीची बाजू दामल्यांची, नेपथ्याची फत्तेलालांची. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत. वारकऱ्यांच्या घराचा एकेक कोनाडा ज्यांनी इतक्या मायेने उभा केला ते मुसलमान होते, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते याचे वाईट वाटते.

या चित्रपटात अद्भुत भरपूर आहे. इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर येते. कीर्तनाला बसलेला प्रत्येक श्रोता शिवाजी महाराजांसारखा दिसू लागतो आणि पकडायला आलेले सैनिक गोंधळून जातात. राखणीला दिलेल्या पिकाची नासाडी होते आणि देव धान्य भरून देतो. कॅमेऱ्याच्या युक्त्यांचा तो बहराचा काळ होता आणि प्रभातचे लोक त्यात वाकबगार होते. पण त्या युक्त्या त्यांनी कुठे वापरल्या आणि कुठे वापरल्या नाहीत, हे पाहण्यासारखे आहे. जिजाईचे स्वयंपाकघर, तिची म्हैस, तिचे कडाडणे, तिची पोरे यांना चमत्काराचा हात लागलेला नाही. तिथे सगळे साधे आहे, कष्टाचे आहे, धुरकट आहे. देवाचे जग आणि चुलीचे जग एकाच चित्रपटात राहतात, आणि चुलीच्या जगाला कमी लेखणारी एकही चौकट त्यात सापडत नाही.

आता लोभाकडे येऊ. गोष्टीतला उघड लोभी सालोमालो. भागवत या नटाने तो असा उभा केला आहे की आजही राग येतो आणि कीवही येते. सालोमालोला पैसा हवा आहे, देवळातले मानपान हवे आहे, पण या सगळ्याहून जास्त त्याला तुकोबांचे अभंग हवे आहेत. ते स्वतःच्या नावावर खपवून तो गातो. त्याच्या तोंडी आल्याबरोबर अभंगाचा तमाशा होतो, शब्द तेच राहतात आणि आतला माणूस निघून जातो. दुसऱ्याचे सोने चोरले तर ते निदान सोनेच राहते. दुसऱ्याचा अनुभव चोरला की हाती फक्त टरफल येते. हे सालोमालोला कळत नाही, म्हणून त्याची भूक भागत नाही.

या जागी चित्रपटाबाहेरची एक हकिगत आठवते. गीते शांताराम आठवल्यांची होती. गाथेतल्या अभंगांच्या जोडीला त्यांनी स्वतः एक रचना लिहिली. ती इतकी तुकोबांच्या वळणाची झाली की अभ्यासकांनाही ती गाथेतलीच वाटली. सालोमालो तुकोबांचे शब्द आपले म्हणून मिरवतो, आणि आठवल्यांचे शब्द लोक तुकोबांचे म्हणून गात राहतात. आपले नाव पुसले जाण्यात एखाद्या कवीला आनंद वाटू शकतो, ही कल्पनाही सालोमालोच्या आवाक्यातली नव्हती. लोभाचा विरुद्ध शब्द मला तरी याहून चांगला दाखवता येणार नाही.

पण सालोमालो सोपा आहे. खलनायक लोभी असला की प्रेक्षक निर्धास्त होतो. या चित्रपटाचे मोठेपण असे की तो तिथे थांबत नाही. तो लोभाचा प्रश्न घरात आणतो.

महाराजांकडून नजराणा येतो. कपडे, दागिने, मोहरा. घरात मुले हरखतात, जिजाई हरखते. ज्या बाईने वर्षानुवर्षे उद्या काय शिजवायचे या चिंतेत दिवस काढले, तिच्या दारात एकदाच लक्ष्मी येते. तुकोबा ती परत पाठवतात. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट वैराग्याचा आदर्श म्हणून येते आणि जिजाई संसारात गुरफटलेली बायको म्हणून. चित्रपट असा पक्षपात करत नाही. त्या घरातला आनंद तो मनापासून दाखवतो. प्रेक्षागृहात बसलेल्या कोणत्याही आईला त्या क्षणी जिजाईचे बरोबरच वाटते. मग आपल्याला विचारावे लागते की हा लोभ आहे का? पोरांच्या अंगावर धडका कपडा यावा असे वाटणे, घरात चार महिन्यांचे धान्य असावे असे वाटणे, याला लोभ म्हणायचा अधिकार कोणाचा?

माझ्या मते तो अधिकार, चूल पेटवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचाच. आपल्याकडे गरज आणि लोभ यांच्यातली रेघ नेहमी पोट भरलेल्या माणसाने आखली आहे. गरिबाला निर्लोभी राहायला सांगणे फार सोपे असते. घरातल्या बाईला सांगणे त्याहून सोपे, कारण तिच्या त्यागातूनच इतरांचा त्याग फुकट होतो. तुकोबांचे वैराग्य खरे होते, याबद्दल मला शंका नाही. त्या वैराग्याचा खर्च मात्र जिजाईने भरला. दामले-फत्तेलालांनी हा खर्च लपवला नाही, उलट त्याची नोंद ठळक ठेवली. पोरगे आजारी पडते तेव्हा ती त्याला घेऊन, हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते. देवालाच जाब विचारते. माझे घर बुडवलेस, आता पोरही नेतोस का? तिला नास्तिक म्हणता येणार नाही, कारण ज्याच्याशी भांडायचे तो तिथे आहे, यावर तिचा पुरता विश्वास आहे. हिशेब मागायला आलेली ती बाई आहे, आणि तिचा हिशेब बरोबर आहे.

गौरी या नटीने ही जिजाई केली. ती शिकून तयार झालेली नटी नव्हती. प्रभातमध्ये लहानसहान कामांपासून ती वर आली. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवलेले गायक नट, भजनात रमणारे. पागनिसांचा आवाज आत वळलेला आणि गौरीचा अंगणातून शेजारच्या अंगणात जाणारा. दोघांपैकी एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवायचे, असे दिग्दर्शकांच्या मनात कधी आले असेल असे वाटत नाही.

इथे खऱ्या तुकोबांची थोडी आठवण ठेवायला हवी. ते जन्माने काही फकीर नव्हते. घरी महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात धंदा बसला, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. त्यानंतर, परंपरा सांगते की, भाऊ कान्होबाबरोबर त्यांनी घरातली कर्जखते वाटून घेतली आणि स्वतःच्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. मला ही गोष्ट गाथा तरंगण्याच्या चमत्कारापेक्षा मोठी वाटते. दुष्काळात ज्यांनी कर्ज काढले त्यांची नावे त्या कागदांवर होती. ते कागद बुडाले तेव्हा किती घरांतल्या चुली सावकाराच्या भयातून सुटल्या असतील! आणि भावाचा वाटा भावाला देऊन टाकला, त्याच्यावर आपले वैराग्य लादले नाही, हेही विसरण्यासारखे नाही. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करायचा नसतो, हे तुकोबांना तेव्हा कळत होते. घरात तो नियम पाळणे त्यांना जमले का, हा जिजाईचा सवाल आहे.

कर्जाचा कागद पुणे जिल्ह्याच्या इतिहासात पुन्हा एकदा पुढे येतो. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्या दंगलींत त्यांनी मुख्यतः गहाणखते, कर्जरोखे ताब्यात घेतले आणि जाळले. पुढे १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. इंद्रायणीत बुडालेले कागद आणि सुप्यात जळलेले कागद यांच्यात सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर आहे. पहिले कागद धनकोने आपण होऊन सोडले, दुसरे ऋणकोंनी हिसकावून घेतले. पहिल्या प्रसंगाची आपण आरती केली आणि दुसऱ्याला दंगल म्हटले. एकाच जिल्ह्यातल्या, एकाच दुखण्यावरच्या या दोन घटना अशा वेगळ्या कप्प्यांत ठेवणे मला पटत नाही.

आता दुसरा एक चित्रपट. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आला. भाषा हिंदी, पण माती, पाऊस, वाडे, माणसे सगळी इथली. पुण्याच्या नारायण धारपांच्या भयकथेचे बीज, श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले नाव. गोष्ट १९१८ ते १९४७ या काळातली. कोकणातल्या वाड्यातून आईबरोबर पुण्याला आलेला विनायक मोठा होऊन परत परत तुंबाडला जातो, देवीच्या गर्भात उतरतो आणि हस्तरच्या लंगोटातून मोहरा काढून आणतो. त्या पडद्यावरच्या पुण्यात विनायक सोन्यावर चैन करत होता, त्याच दशकांत खऱ्या पुण्यात प्रभातचे लोक तुकोबांवर चित्रपट करत होते. आणि ‘संत तुकाराम’ गाजला त्याच व्हेनिस महोत्सवात २०१८ साली ‘तुंबाड’ने समीक्षक सप्ताहाचे उद्घाटन केले. २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी झाली. या दोन पुणेरी धाग्यांच्या चित्रपटांना एकत्र बघायचा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

हस्तरची कथा साधी आहे. देवीचा पहिला मुलगा, सोने आणि धान्य दोन्हींचा हावरा. सोने त्याला मिळाले. धान्यावर हात टाकला तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला मारायला घेतले आणि आईने पोटात घेऊन वाचवले. म्हणून तो अनंत काळ सोन्यावर बसून भुकेला आहे. कणकेची बाहुली टाकली की तिच्यावर तुटून पडतो. पन्नास ग्रंथांनी सांगूनही लोभाचे असे चित्र डोळ्यांपुढे येत नाही. सोने असलेल्याला भाकरी नाही. इकडे ‘संत तुकाराम’मध्ये देव चमत्कार करतो तेव्हा धान्य देतो, आणि परत पाठवले जाते ते सोने. हा फरक योगायोगाचा असेल, तरी त्यात एक जुनी शेतकरी समज बोलते आहे. धान्य शिजते, वाटले जाते, संपते, पुन्हा पेरावे लागते. सोने संपत नाही, म्हणूनच त्याची हाव संपत नाही.

तुंबाडमधली म्हातारी तर मरणानंतरचीच गोष्ट आहे, फक्त उलट्या बाजूने. हस्तरचा स्पर्श झाल्याने तिला मरण नाही. वाड्यात साखळदंडांत पडलेली, भुकेने पिसाळलेली, हस्तरचे नाव घेतले की झोपणारी. पुढे तिच्या देहातून झाड उगवलेले दिसते आणि तरी ती जिवंत असते. अमर होण्याची इच्छा ही आपल्याकडे तपश्चर्येची मोठी प्रेरणा मानली गेली. चित्रपट म्हणतो, तुला हवे ते घे, आता यातून सुटका नाही. मरण काढून घेतले की उरते ती निव्वळ भूक.

इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. स्वर्ग, वैकुंठ, मोक्ष यांचा विचार आपण बहुतेकदा मिळकतीसारखा करतो. पुण्य जमा होते, पाप खर्ची पडते, शेवटी शिल्लक बघून जागा मिळते. दान करतानाही वर काहीतरी नोंदले जात आहे या समाधानाने हात सैल होतो. सावकाराची वही इंद्रायणीत बुडवून पुण्याची वही उघडली तर लोभ कुठे गेला? तो फक्त पुढच्या जन्मावर ढकलला. डिकन्सचा चिक्कू स्क्रूज भुतांनी दाखवलेल्या स्वतःच्या थडग्याला घाबरून रातोरात उदार होतो. ती गोष्ट मला आवडते, पण तिच्यातला बदल अखेर भीतीतून आला आहे. मरणाची भीती आणि स्वर्गाची आशा ही दोन्ही माणसाला चांगले वागायला लावत असतील, पण लोभातून सोडवत नाहीत.

जिजाईला वैकुंठ देऊ केले जाते आणि ती नको म्हणते. या एका वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, कारण त्यात तिचा कोणताही त्याग करण्याचा आविर्भाव नाही. ती वैकुंठ खोटे आहे असे म्हणत नाही. ते आपल्याला मिळणार नाही अशी शंकाही घेत नाही. तिला फक्त इथे काम आहे. सोने आले तेव्हा जी हरखली, तीच सर्वांत मोठी मिळकत दारात उभी असताना हातचे काम सोडत नाही. म्हणजे तिचे हरखणे हा लोभ नव्हता, हे इथे सिद्ध होते. तिला सोने पोरांसाठी हवे होते. वैकुंठाचा पोरांना उपयोग नाही, म्हणून ते तिला नको. गरज आणि लोभ यांची याहून खरी कसोटी मला ठाऊक नाही. जे हवे आहे ते कोणाच्या तोंडी पडणार, एवढेच विचारायचे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. बाईने घर सांभाळावे, पुरुषाने मोक्ष मिळवावा, ही विभागणीच हा चित्रपट गोड करून दाखवतो, असे कोणी म्हणेल. वैकुंठाला जायची मोकळीक ज्याला आहे तो जातो, जिला नाही ती मागे राहते, आणि आपण तिच्या मागे राहण्याला थोर म्हणून पुन्हा तिलाच चुलीला बांधतो. हा धोका मला मान्य आहे. जिजाईचे कौतुक करताना तुकोबांना मोकळे सोडले तर आपणही तेच पाप करू. म्हणून माझे म्हणणे असे आहे की तिचा नकार हा पुरुषांनी आपल्याला लागू करून पाहावा. ज्याला वैकुंठाची ओढ आहे त्यानेच आधी पोरांकडे कोण बघणार, हा प्रश्न विचारावा. २०१२ च्या चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशी आणि राधिका आपटे यांनी या नवरा-बायकोतला ताण आजच्या जाणिवेने रंगवला. तिथे आवली, म्हणजे जिजाईच, अधिक बोलते, अधिक भांडते. तरी १९३६ च्या जिजाईचा एका वाक्यातला नकार मला जास्त धारदार वाटतो, कारण तो स्वर्गालाच आहे.

तुंबाडचा शेवटही एका नकारावर होतो. हस्तरचा लंगोट हाती आलेला बाप मुलापुढे तो धरतो, साऱ्या मोहरा एकदम मिळणार असतात, आणि मुलगा घेत नाही. त्या मुलाचे नाव पांडुरंग आहे. दिग्दर्शकाने ते जाणूनबुजून ठेवले का, हे विचारण्याची मला गरज वाटत नाही, कारण हे नाव या मातीत अशा ठिकाणीच येणार. पण तो पांडुरंग शापित बाप डोळ्यांपुढे सडताना बघून शहाणा झालेला आहे. त्याचा नकार भयातून आला. जिजाईला कोणी राक्षस दाखवला नाही. तिच्यापुढे आले ते विमान, आणि ते तिच्या नवऱ्यासाठी खरोखरच सुंदर होते.

दरवर्षी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते. या शहरात वैकुंठाची चर्चा करणारी माणसे कमी नाहीत, आणि देहूच्या रस्त्यावर जमिनीचे भाव बोलणारीही कमी नाहीत. दोन्ही कामे एकाच दिवशी, एकाच तोंडाने होताना मी ऐकली आहेत. म्हणून मला वाटते की लॉ कॉलेज रस्त्यावर, जिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि जवळच जिथे एके काळी प्रभात होती, तिथे हे दोन चित्रपट एका दिवसात दाखवावेत. आधी ‘तुंबाड’ दाखवावा, कारण त्यातले भय अंगावर असताना माणूस लोभाला नाही म्हणायला सहज तयार होतो. मग मधे जेवणाची सुट्टी द्यावी, आणि दुपारी ‘संत तुकाराम’ लावावा, भय ओसरलेले असताना, पोट भरलेले असताना. चांगल्या गोष्टीलाही नको म्हणता येते का, हे बघायला तीच वेळ बरी.